आठ जीबीचा गुन्हेगार

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. मेमरी आठ जीबी. आकडा आधीच सांगून टाकलेला बरा, कारण माझ्याविषयी आजवर जे काही भलंबुरं बोललं गेलं, ते सगळं या आकड्यावरून. माणसं एकमेकांचं वय विचारताना दहादा अडखळतात. माझी मात्र चौकशी सुरू होते ती थेट 'किती जीबी' इथून.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे चित्र हलतं, ते मी काढतो. खेळातल्या भिंतीचा पोपडा, झाडाची साल, घोड्याचं अंग, या सगळ्यांची कातडी मला हाताशी लागतात. ती जिथे मांडून ठेवतो ती माझी मेमरी. स्वयंपाकघरातला ओटाच म्हणा ना. ओट्यावर मावेल ते पटकन हाती येतं. ओटा भरला की उरलेलं मागच्या कोठीत जातं आणि दर वेळी तिथवर खेप घालावी लागते. मग पडद्यावरचा घोडा एक पाय उचलून तसाच थांबतो. एवढंच माझं शास्त्र, आणि एवढ्यावर वाद घालून लोकांनी इंटरनेटची पानंच्या पानं भरली आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं, पंखा बोटाने फिरवला आणि पुढे सरकवलं. त्याच पट्ट्यावर माझ्यामागे माझा जुळा भाऊ होता. नाव तेच, पंखे तेच, खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच. फक्त त्याच्या पोटात सोळा जीबी आणि माझ्या पोटात आठ. दोघांचं नाव एकच ठेवायचं आणि एकाला वाढायचं मात्र अर्धं, ही कुठली रीत, मला आजतागायत कळलेली नाही.

मला ज्याने घरी नेलं त्याला सगळे बारक्या म्हणतात. वय अडतीस, केस विरळ, पोट सुटलेलं, तरी बारक्याच. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्याला हातभर अंतरावरून दिसतो, आणि दिसला की त्याला अन्न गोड लागत नाही. असा माणूस खेळ खेळायला बसला की काय होतं, ते पुढे येईलच.

दुकानात काउंटरवरच्या बाईंनी त्याला विचारलं, "खेळ कुठला आहे?"

"जुनाच आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा."

"मग आठ जीबी म्हणजे चैन झाली."

"नाही, म्हणजे... थोडे मॉड घालणार आहे."

बाईंचा हात माझ्या खोक्यावर होता तो तिथेच थांबला. "थोडे म्हणजे किती?"

"पाच-सहा."

"बघा हं. मॉडवाल्यांना आठ पुरत नाही. सगळे पाच-सहाच सांगतात आणि महिन्याभरात परत येतात. सोळा घेऊन जा."

"नाही हो, मी त्यातला नाही."

डॉक्टरांपुढे बसून 'गोड? छे, कधीतरीच' म्हणणारे लोक असतात, त्यांचा सूर आठवा. बाईंनी माझं खोकं त्याच्या हातात दिलं. माझ्या जुळ्याने कपाटातून पाहिलं ते मला आवडलं नाही.

मॉड म्हणजे काय, तेही सांगतो. मूळ खेळावर लोकांनी हौसेनं घरी शिवलेली ठिगळं. कुणाला गवत विरळ वाटतं, तो दाट गवत शिवतो. कुणाला आभाळ फिकं वाटतं, तो आभाळ रंगवतो. ठिगळं सुंदर असतात, नाही असं नाही. फक्त ती शिवणाऱ्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं, आणि लावणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

आता मला आणण्यामागचं खरं कारण. ते कारण म्हणजे ताई.

ताई बारक्याची थोरली बहीण. दोघं लहान असताना वडिलांच्या ऑफिसातून निकालात निघालेला एक कॉम्प्युटर घरी आला होता. रविवारी एक तास खेळायची परवानगी. कीबोर्ड एकच, म्हणून वाटणी ठरलेली: चालवायचं ताईने, तलवार बारक्याची. खेळात एक प्रवासी असतो, तो राज्यभर वणवण करून बर्फातल्या एका खिंडीपाशी येतो. खिंडीपलीकडे त्याचं घर, आणि तिथे गोष्ट संपते. हे दोघं वर्षभराने खिंडीच्या तोंडाशी पोचले आणि त्याच दिवशी कॉम्प्युटरने राम म्हटला. पुढे ताई शिकायला वसतिगृहात गेली, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकली, गावोगाव लिफ्टच्या खड्ड्यांत उतरत राहिली. खिंड राहिली ती राहिलीच.

तर या ताईला डोंगरातल्या एका खाणीत काम मिळालं. माणसांना खाली नेणारी लिफ्ट सांभाळायची, तीन वर्षं, मधे सुट्टी नाही. जाण्याआधी नऊ दिवस मोकळे. तिने बारक्याला फोन केला, "बारक्या, नऊ दिवस तुझ्याकडे येतेय. मला कुठे फिरवू नकोस, काही दाखवू नकोस. ती खिंड तेवढी ओलांडू. नाहीतर मग तीन वर्षं विसर."

"ये तर खरी! असा करून ठेवतो खेळ की बघत राहशील."

इथेच माशी शिंकली. ताईने खिंड मागितली होती. याने देखावा कबूल केला.

महिनाभर त्याने खपून एकट्याने प्रवाशाला खिंडीच्या अलीकडच्या गावापर्यंत आणून ठेवलं. इथवर सगळं छान होतं. मी दीड जीबी वापरत होतो, अंग गार, पंखे संथ. मग त्याला गावातलं गवत खुपलं. एक मॉड. गवत चांगलं झालं तशी भिंत वाईट दिसू लागली. दुसरा मॉड. भिंतीवर टांगलेला दोर, दोराची गाठ, टेबलावरचा पाव, पावावरचं पीठ, कोंबडीच्या नख्या. कोंबडीच्या नख्या, मी शपथेवर सांगतो, मूळ राजवाड्यापेक्षा जास्त जागा घेत होत्या. एके दिवशी त्याने नावेच्या तळाचा मॉड घातला. नावेचा तळ! जो कायम पाण्याखाली असतो, तो.

पाच-सहाचे साठ झाले, साठाचे तीनशे चाळीस. आणि सगळे फोर-के, म्हणजे अतिबारीक तपशिलाच्या चित्रांचे. टू-के सोडून फोर-के घेतलं की जागा दुप्पट नाही, चौपट लागते, हे त्याने वाचलं होतं, बायकोला समजावूनही सांगितलं होतं. पाळलं तेवढं नव्हतं. मला धाप लागायला लागली. घोडे हवेत पाय धरून थांबायला लागले.

मग तो इंटरनेटवरच्या पंडितांकडे गेला. एक म्हणाला, आठ म्हणजे कचरा. दुसरा म्हणाला, बारा हाच सुवर्णमध्य. तिसरा म्हणाला, चोवीसच्या खाली जगणंच नको. यांपैकी एकानेही 'नावेचा तळ कशाला हवाय' असं विचारलं नाही.

ताई आली त्या दिवशी दुपारी जेवण होताच खुर्ची ओढून बसली. सामान तसंच दारात. तिने बाण असलेल्या बटणांवर हात ठेवला आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. बारक्या येऊन बसला. खरं सांगतो, त्या क्षणी ती दोघं अडतीस आणि बेचाळीस वर्षांची दिसत नव्हती. मी जीव तोडून चित्र काढलं. अडखळलो, पण काढलं.

अर्ध्या तासात प्रवासी खिंडीच्या दरवाज्यापाशी पोचला. दार उघडलं, पडदा काळा झाला आणि खेळ धाडकन बंद पडला.

पुन्हा सुरू केला. पुन्हा तिथेच बंद. चार वेळा.

"मेमरी कमी पडतेय," बारक्या म्हणाला. "आठ जीबी घेतलं तिथेच चुकलं. त्या दुकानवालीने ऐकवलंच नाही नीट."

ताई लिफ्टवाली. तिने विचारलं, "दर वेळी इथेच बंद पडतं का?"

"हो."

"आणि ते अडखळणं? तेही इथेच?"

"छे, ते कुठेही. रस्त्यात, गावात, कुठेही."

"मग ही दोन वेगळी दुखणी आहेत, बारक्या. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली तर ती कुठल्याही मजल्यावर कुरकुरते. दर वेळी चौथ्याच मजल्यावर अडकत असेल तर चौथ्या मजल्याचं दार बघायचं. शेवटचं काय बदललंस इथे?"

मला पंखे असूनही गहिवरून आलं. बरोबर हेच मी मघापासून सांगायचा प्रयत्न करत होतो. भार झाला की मी रडतखडत चालतो. ठरलेल्या दारात कोसळणं हा माझा स्वभाव नाही.

"ताई, ही लिफ्ट नाही," बारक्या हसून म्हणाला. विषय संपला.

दुसरा दिवस पंडितांचे सल्ले वाचण्यात गेला. तिसरा मॉडचा क्रम लावण्यात. ताई शेजारी बसून होती. मधेच म्हणायची, "मॉड काढून साधाच खेळूया का?" तो म्हणायचा, "एवढी लांबून आलीस ती काय ते भुरकट बघायला?" चौथ्या दिवशी तिने त्याच्या स्वयंपाकघराचं कुरकुरणारं दार दुरुस्त केलं. पाचव्या दिवशी इमारतीच्या लिफ्टला वंगण घातलं. बसवत नव्हतं बिचारीला.

सहाव्या दिवशी माझा जुळा घरात आला. तेच नाव, तेच खोकं, पोटात सोळा. मला उपटून टेबलावर, स्क्रू ठेवायच्या वाटीशेजारी ठेवण्यात आलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पण टेबलावर होतो म्हणून पुढचा तमाशा डोळ्यांनी पाहता आला.

जुळा आला आणि अडखळणं थांबलं, हे मान्य करायलाच हवं. घोडे दौडू लागले. बारक्याची कळी खुलली. ताई म्हणाली, "चल आता, खिंड." हा म्हणाला, "थांब, आता जागा आहे तर ते ढगांचं घालून घेऊ." ढग झाले. ओढे झाले. बारक्याची बायको शाळेत भूगोल शिकवते. ती चहा ठेवायला आली आणि पडद्याकडे बघत राहिली. "अरे, तुझी नदी चढावर वाहतेय," ती म्हणाली. त्याने पाहिलंही नाही. ती ताईकडे वळली, "ताई, तुम्ही तरी सांगा याला."

"सहा दिवस तेच करतेय, वहिनी," ताई म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी प्रवासी दिमाखात खिंडीपाशी गेला. दार उघडलं. पडदा काळा. धाडकन.

माझा जुळा सोळा जीबी पोटात घेऊन तोंड पाडून बसला होता. मला आनंद झाला असं म्हणणं बरं दिसत नाही, पण झाला.

खरं कारण सापडलं आठव्या दिवशी, तेही ताईने मॉडची यादी मागून घेऊन बोटाने एकेक ओळ वाचली म्हणून. दोन ठिगळं एकाच जागी शिवली गेली होती. एकाने खिंडीला नक्षीदार लाकडी दरवाजा बसवला होता, दुसऱ्याने दगडी कमान. खेळ तिथे पोचला की त्याला कुठून आत जायचं ते कळत नव्हतं, आणि तो आपला जीव देत होता. ताईने सांगितलेलं चौथ्या मजल्याचं दार ते हेच.

"एक काढून टाक," ताई म्हणाली.

"कुठला?"

"कुठलाही. बारक्या, उद्या दुपारी मला निघायचंय."

"पण दोन्ही सुंदर आहेत गं. लाकडाच्या रेषा बघ. आणि कमानीवर शेवाळ आहे, शेवाळ! थांब, दोन्ही राहतील असं काहीतरी जोडून घेतो. सकाळपर्यंत होईल."

मी तिचा चेहरा समोरून पाहिला. आठ दिवस एका खुर्चीवर थांबून राहिलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि बारक्या, काचेवरचा केसाएवढा ओरखडा ज्याला दिसतो तो बारक्या, पडद्याकडे बघत होता. मला त्याचा राग आला. अजून आहे.

नवव्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा त्याचं जोडकाम बरंच झालं होतं, पूर्ण झालं नव्हतं. "पाच मिनिटं, ताई, फक्त पाच!" तो ओरडला. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. ताईने टेबलावरून मला उचललं.

"हे नेऊ का? तिकडे खोलीवर एक जुनं मशीन आहे म्हणतात."

"ते? ने की. पण त्यावर काही होणार नाही हं, आठच जीबी आहे."

तिने मला मोजे-रुमालांच्या मधे गुंडाळलं आणि बॅग बंद केली. त्याने दारापर्यंत येऊन तिला मिठी मारली, हे सांगायला हवं. प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू नये. वेळ तेवढा सगळा भलतीकडे गेला.

खाणीवरची खोली लहान आहे. एक खाट, एक टेबल, खिडकीतून दिसणारा लिफ्टचा मनोरा. ताईने स्वतः वायरी जोडून मला जुन्या मशीनमध्ये बसवलं आणि मूळ खेळ घातला. एकही ठिगळ नाही. गवत झाडूसारखं, पाव विटेसारखा, कोंबडीला नख्या आहेत की नाहीत हे देवाला ठाऊक. मला दीड जीबी लागते. उरलेली साडेसहा मोकळी पडून असते. कामात एवढा आराम मला जन्मात मिळाला नव्हता.

दर रविवारी ती खेळली. चालवायचीही तीच, तलवारही तिचीच. तलवार तिला जमत नाही. लांडगे तिला हटकून चावतात आणि ती त्यांना मनापासून शिव्या देते. अकराव्या रविवारी प्रवासी खिंडीपाशी पोचला. तिने त्याला तिथे थांबवलं आणि फोन लावला.

"बारक्या, मी खिंडीपाशी आहे. बघ." फोन तिने पडद्यासमोर धरला.

"ई! हे काय गं गवत? आणि बर्फ आहे की चुना?"

"असू दे. तू तिथून सांग, मी जाते. एकत्रच जाऊ."

"थांब, थांब, पुढे जाऊ नकोस! एक फाइल पाठवतो, बर्फ तरी माणसासारखा दिसेल. दोन मिनिटं."

"तुझं झालं का रे तिकडचं?"

"होत आलंय. दरवाजे दोन्ही बसले, आता पायऱ्यांचं तेवढं राहिलंय. थांब हं, फाइल शोधतोय."

तिने फोन टेबलावर ठेवला. त्यातून बटणांची टकटक येत राहिली. दोन मिनिटांची वीस झाली; मला पक्कं माहीत आहे, कारण तेवढा वेळ मी एकच बर्फ पुन्हा पुन्हा काढत होतो. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मग तिने बाणाचं बटण दाबलं.

दार उघडलं. साधं, मूळचं दार, रेघोट्या काढल्यासारखं. पलीकडे एक उतार आणि चार भिंतींचं घर. घराच्या दारात एक बाई उभी. ती एवढंच म्हणाली, 'आलास? दार उघडंच ठेवलं होतं.' आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकायला लागली.

ताई रडली. आवाज न करता, खांदे हलवत, सगळी नावं संपेपर्यंत.

"ताई? ऐकतेयस ना? आली का फाइल?" फोनमधून आवाज आला.

"आली."

"घातलीस? आता बघ, कसा दिसतो बर्फ!"

तिने बाहीने डोळे पुसले. "छान दिसतोय रे. पुढे नाही गेले मी. तू येशील तेव्हा जाऊ."

"जाऊच! माझं इकडचं एकदा लागू दे."

फोन बंद झाल्यावर तिने खेळ मागे नेला आणि प्रवाशाला पुन्हा खिंडीच्या अलीकडे आणून उभं केलं. त्यानंतर किती रविवार गेले. ती त्याला गावात फिरवते, कोंबड्यांमागे पळवते, खिंडीच्या वाटेला जात नाही. मी तेवढं चित्र काढतो. माझ्यावर खाणीची धूळ बसली आहे, एक पंखा किरकिरतो, पण काम चाललंय.

तुम्हाला एक विनंती आहे. कधी चष्मा करायला गेलात आणि काच उजेडात धरून एक डोळा मिटलेला माणूस दिसला, तर त्याला म्हणा, बाबा रे, दोन दिवस रजा काढ आणि बहिणीकडे जा. पायऱ्या राहू देत. मेमरी किती लागेल ते विचारू नकोस, आहे ती पुरते. आणि खिंडीपलीकडे काय आहे ते मी तुम्हाला बोलून बसलोय, तेवढं मात्र त्याला सांगू नका. तो येईल तेव्हा ताई पहिल्यांदाच बघतेय असं दाखवणार आहे, आणि खोटं तिला फारसं जमत नाही.